स्क्रम मास्टरचा कोर्स: पैसे वसूल होतात का?

आधी व्यवहाराचं बोलते, कारण तेवढंच वाचायला आलेले बरेच असतील. (स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत, ठरलेल्या बैठका घेत करायची पद्धत, आणि टीमला ती पाळायला लावणारा तो स्क्रम मास्टर.) दोन दिवसांचा स्क्रम मास्टरचा कोर्स, बाणेरमधल्या एका हॉटेलचा हॉल, फी जीएसटी धरून पंचवीस हजारांच्या आतबाहेर. त्यात दोन्ही दिवसांचं जेवण, सकाळ-संध्याकाळचा चहा, एक कापडी पिशवी, परीक्षेची फी आणि पास झाल्यावर नावापुढे लावायची अक्षरं. परीक्षा ऑनलाइन. ५० प्रश्न, ६० मिनिटं, ३७ बरोबर आले की पास. कोर्समध्ये जागा राहिलेला माणूस नापास होणं अवघड. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. मग १०० डॉलर भरायचे, मधल्या काळात काहीबाही शिकल्याचे पुरावे दाखवायचे आणि पुढची दोन वर्षं विकत घ्यायची. आयोजकांचं नाव देत नाही. पुण्यात असे कोर्स सतत कुठे ना कुठे चालू असतात आणि सगळ्यांचा मासला साधारण हाच.

माझे पैसे कंपनीने भरले. नव्या क्लायंटने करारात एक ओळ घातली होती की टीम सांभाळणारी व्यक्ती 'सर्टिफाइड' असावी. मी हेच काम कितीतरी वर्षं करते आहे, पण कागद नव्हता. संसार अर्धा झाल्यावर व्हिसासाठी विवाह नोंदणीच्या रांगेत उभं राहावं, तशी मी त्या हॉलमध्ये जाऊन बसले.

शिकवणारे सर उत्तम होते, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे. बंगळुरूचे, पन्नाशीच्या आसपासचे. स्लाइड वाचून दाखवत नाहीत. एकाने ब्रँच मर्ज करताना, म्हणजे वेगवेगळा लिहिलेला कोड एकत्र जोडताना, उडणाऱ्या गोंधळाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी फळ्यावर जे काढून दाखवलं त्यावरून कळलं की हा माणूस कधीकाळी रात्री दोन वाजता बिल्ड दुरुस्त करत बसलेला आहे. हे प्रशिक्षण देणाऱ्यांत आता अशी माणसं कमी होत चालली आहेत. माझी तक्रार आहे ती अभ्यासक्रमाबद्दल.

इतिहासाला या अभ्यासक्रमात एक स्लाइड. डावीकडे धबधब्याचं चित्र, म्हणजे वॉटरफॉल, सगळं आधी ठरवून एकेक टप्पा उरकत खाली उतरायची जुनी पद्धत, आणि त्यावर लाल फुली. उजवीकडे बर्फाचा डोंगर, खाली मजकूर: स्नोबर्ड, युटा, फेब्रुवारी २००१, १७ जण, ४ मूल्यं, १२ तत्त्वं. (अजाईल या चळवळीचा जाहीरनामा तिथे लिहिला गेला. स्क्रम हा तिच्यातलाच एक पंथ.) एवढ्यात पुढची स्लाइड आली. म्हणजे आधी अंधार होता, मग सतरा जण डोंगरावर गेले, खाली उतरले आणि उजाडलं.

माझ्या टेबलावर हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंग करणारा पंचविशीचा मुलगा होता. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही वॉटरफॉल खरंच बघितलाय?" त्याच्या सुरात आदर होता की कीव, कळलं नाही.

बघितलाय. मी नोकरीला लागले तेव्हा पुण्यात सीएमएमची, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीच्या कामाची शिस्त मोजायच्या पट्टीची, धामधूम होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने ही मोजपट्टी तयार केली ती अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी, कंत्राटदार कंपन्या पारखून घेता याव्यात म्हणून. पण तिच्या पाच पायऱ्या चढायची हौस आपल्याकडच्या कंपन्यांना भारी. लेव्हल फाइव्ह मिळाली की रिसेप्शनला पितळी पाटी आणि पेपरात जाहिरात. मी होते तिथे ऑडिटच्या आधीचा आठवडा मागच्या तारखांचे रिव्ह्यू फॉर्म भरण्यात जायचा. एसआरएस नावाचा, सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते लिहिलेला जाडजूड दस्तऐवज क्लायंटकडून सही करून आणायचा. त्याने तो वाचलेला नसायचा आणि आम्हालाही ते माहीत असायचं. सहा-आठ महिन्यांनी सॉफ्टवेअर समोर ठेवलं की तो म्हणायचा, हे नव्हतं हवं. मग चेंज रिक्वेस्ट, मग तिच्या एस्टिमेटवरून भांडण, मग त्या भांडणाचे मिनिट्स.

हे त्या मुलाला सांगितलं, पण स्लाइडवर नसलेली एक गोष्टही सांगितली. सीएमएमच्या आधी सगळी सिस्टिम एखाद्या हुशार प्रोग्रॅमरच्या डोक्यात असायची आणि तो अमेरिकेला गेला की प्रोजेक्ट बसायचं. ते थांबावं म्हणून फॉर्म आले. ज्या राजवटीची आता टर उडवतात ती तिच्या तरुणपणी सुधारणाच होती.

आणि तो वॉटरफॉल तरी काय? ज्या आकृतीवर लाल फुली मारतात ती विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या निबंधातली. त्या निबंधात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. आकृती दाखवून रॉयस लगेच म्हणतात की ही पद्धत धोक्याची आहे, अपयशाला आमंत्रण आहे. पुढची सगळी पानं ती सुधारावी कशी यावर आहेत: आधी एकदा करून बघा, मग खरं करा, ग्राहकाला मध्येमध्ये सामील करून घ्या. म्हणजे जो माणूस सावध करत होता त्याच्याच चित्राचा पुतळा करून आम्ही जाळतो.

फ्रेंच राज्यक्रांती हा माझा जुना नाद आहे, त्यामुळे त्या हॉलमध्ये मला पदोपदी तीच दिसत होती. ते सोसून घ्या. १४ जुलै १७८९ ला जमावाने बॅस्टिल घेतला तेव्हा त्या भयंकर तुरुंगात कैदी होते सात. लोकांना खरं तर बंदुकीची दारू हवी होती. पण क्रांतीला पाडायला एक किल्ला लागतो आणि तो जितका काळाकुट्ट तितका बरा. वॉटरफॉल हा आमच्या धंद्यातला बॅस्टिल. तो पडल्याचा दिवस साजरा करावा, आत नेमकं कोण होतं ते विचारू नये.

स्नोबर्डला जमलेले सतराही जण पुरुष. एकाच पंथाचे मात्र नव्हते. केंट बेक, रॉन जेफ्रीज, वॉर्ड कनिंगहॅम हे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाले. केन श्वेबर, जेफ सदरलँड, माइक बीडल हे स्क्रमवाले. अॅलिस्टर कोबर्न यांची तिसरीच पद्धत. त्यांच्यातलेच एक, जिम हायस्मिथ, यांनी लिहून ठेवलंय की संघटना न मानणारे एवढे अराजकवादी एका खोलीत सापडणं कठीण. एकमत झालं ते चार ओळींवर: प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं, जाड दस्तऐवजांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाची सोबत, आखलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं. समोर एकच शत्रू असला की एवढं एकमत होतं.

यातले जहाल म्हणजे एक्सपीवाले, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचे. दोघांनी एका मशीनवर बसून कोड लिहायचा. कोडच्या आधी तो तपासणारी टेस्ट लिहायची. दिवसातून अनेकदा सगळ्यांचा कोड एकत्र करायचा. ग्राहक टीममध्येच बसवायचा. हे सगळं पिकलं क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीच्या पगार-प्रणालीच्या प्रोजेक्टवर, सी-थ्री त्याचं नाव. ८७,००० कर्मचाऱ्यांचे पगार काढायचं लक्ष्य होतं. १९९७ मध्ये सुमारे दहा हजारांचे निघू लागले. मग टीममध्ये बसलेली ग्राहकाची प्रतिनिधी ताणाने थकून निघून गेली आणि फेब्रुवारी २००० मध्ये प्रोजेक्ट बंद झालं. स्नोबर्डच्या बरोबर एक वर्ष आधी. म्हणजे जाहीरनाम्यावर सह्या होण्यापूर्वीच क्रांतीचं पहिलं प्रजासत्ताक कोसळलं होतं. तरी कल्पना पसरल्याच. प्रोजेक्ट बुडालं म्हणून कल्पना खोटी ठरत नाही, आणि सीएमएम लेव्हल फाइव्हची किती प्रोजेक्टं बुडताना मी पाहिली त्याची गणती इथे नको.

पुण्यात आमच्यातल्या तिघा-चौघांनी पुस्तक वाचून जोडीने कोड लिहायचा प्रयोग केला होता. मॅनेजर आले. दोन खुर्च्या, एक मशीन. म्हणाले, "दुसरं मशीन बिघडलंय का? मग सपोर्टला तिकीट टाका ना." प्रयोग तिथेच आटोपला.

कोर्समध्ये या जहाल पक्षाला किती वेळ? चहाला उठता उठता एकाने टेस्ट आधी लिहिण्याबद्दल विचारलं. सर म्हणाले, "ते इंजिनिअरिंग प्रॅक्टिसेसमध्ये येतं. त्याचा वेगळा कोर्स आहे." झालं. दोन्ही दिवसांत त्या हॉलमध्ये कुणाचाही लॅपटॉप कामासाठी उघडला गेला नाही. सॉफ्टवेअर कसं करावं याच्या कोर्समध्ये सॉफ्टवेअर कुठेच नव्हतं.

माझ्या मते मवाळ, म्हणजे स्क्रमवाले, जिंकले ते याच कारणाने. स्क्रम कोडबद्दल काही मागत नाही, फक्त बैठका मागतं. कुठलाही मॅनेजर सोमवारी सकाळी ते सुरू करू शकतो. टेस्ट आधी लिहायला मात्र कसब लागतं, आणि कसब यायला वर्षं जातात. मार्टिन फाउलर, सतरांतलेच एक, यांनी २००९ मध्येच बजावलं होतं की टीम स्क्रमच्या बैठका उचलतात, कोडच्या आतल्या दर्जाकडे दुर्लक्ष करतात आणि काही दिवसांनी काम सरकेनासं होतं. अशी एक टीम मला मध्यंतरी सांभाळायला मिळाली होती. रोज सकाळी बरोबर सव्वादहाला स्टँडअप (उभ्याउभ्या छोटी बैठक), दर दोन आठवड्यांनी रेट्रो (झालेल्या कामाचा आढावा), भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, आणि एक साधं लेबल बदलायला चार दिवस.

तक्रारीतून जरा बाहेर येते. पहिल्या दिवशी जेवणानंतर लेगोचा खेळ होता. प्रत्येक टेबलाने शहराचा एक भाग बांधायचा, सात मिनिटांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला छोटा टप्पा. आमच्या टेबलाची प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय हवं ते सांगणारी, एका बँकेतली बाई. यादीत 'हॉस्पिटल' वाचल्याबरोबर आम्ही सगळे विटांवर तुटून पडलो. दोन मजले, वर लाल क्रॉस, बाजूला अँब्युलन्स. वेळ संपली, बाई बघायला आल्या. "आत जायचं कुठून?" दार राहिलं होतं. दुसऱ्या स्प्रिंटला आम्ही आधी त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, "अहो, मला एवढं मोठं नकोच आहे. नदीपलीकडच्या लोकांसाठी छोटा दवाखाना हवाय, पण पुलाच्या तोंडाशी." आठ विटांत काम झालं. टेबलावर चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यातले एक गृहस्थ होते, वर्षानुवर्षं मशीनच्या ड्रॉइंगप्रमाणे काम केलेले. ते बराच वेळ त्या दवाखान्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्यात कुणी विचारतच नाही." फीतले पाच हजार इथे वसूल.

दुसरा चांगला तास अंदाजांचा, आणि वाईट तासही तोच. प्लॅनिंग पोकरचे, म्हणजे एखादं काम किती मोठं आहे याचा अंदाज सांगायचे, पत्ते वाटले. १, २, ३, ५, ८, १३, २०, ४०, १००. फिबोनाची या गणितज्ञाच्या आकड्यांची स्लाइड आली, त्याचं सशांचं कोडं आलं. (हेच आकडे त्याच्या आधी हेमचंद्रांनी लघु-गुरूंच्या मांडणीवरून छंदशास्त्रात दिलेत. पण ते सांगायला गेलं की लोक व्हॉट्सॲप फॉरवर्ड आल्यासारखे बघतात, म्हणून गप्प बसले.) मग फळं. द्राक्ष खायला १ पॉइंट धरला तर सफरचंदाला किती, अननसाला किती, नारळाला किती? सगळ्यांनी एकदम पत्ते उलटे केले. नारळावर आमच्या टेबलावर ४०, ४०, १०० आणि एक २. हे २ वाले चिपळूणचे. नियमाप्रमाणे टोकाच्या माणसाने कारण द्यायचं. ते म्हणाले, "कोयता आहे का नाही ते आधी सांगा. असला तर दोन. नसला तर मी नारळ घेतच नाही." सर इतके खूश झाले की पुढचं अर्धं भाषण त्यांनी त्या कोयत्यावर केलं, आणि ते दोन दिवसांतलं सगळ्यात कामाचं भाषण होतं: आकड्यासाठी भांडू नका, आकडे वेगळे का आले ते विचारा.

पण तिथून पुढे दीड तास व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये टीम किती पॉइंटचं काम उरकते ते), पॉइंटची सरासरी, तिचे आलेख. आणि इथे ग्राहक म्हणून माझी खरी हरकत आहे. स्क्रम गाइड नावाचा अधिकृत मजकूर १३ पानांचा आहे, २०२० चा, इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात स्टोरी पॉइंट, म्हणजे हे अंदाजाचे पॉइंट, नाहीत. यूझर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेली मागणी, नाही. व्हेलॉसिटीही नाही. रोजच्या बैठकीत विचारायचे ते सुप्रसिद्ध तीन प्रश्न (काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय) २०२० मध्ये काढून टाकले आहेत. रॉन जेफ्रीज यांनी तर २०१९ मध्ये लिहिलं की स्टोरी पॉइंट बहुधा मीच शोधले, आणि तसं असेल तर आता मला वाईट वाटतंय. कोर्समध्ये मात्र सगळं होतं. तीन प्रश्न तर आमच्याकडून घोकून घेतले. जेवताना मी सरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "मॅडम, लोकांना काहीतरी ठरलेलं लागतं. तेरा पानांत तसं काही नाही."

बरोबर आहे त्यांचं. सगळ्या क्रांत्यांचं हेच होतं, आणि इथे मला फ्रेंचांच्या कॅलेंडरबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७९३ मध्ये त्यांनी जुनं कॅलेंडर मोडीत काढलं. तीस दिवसांचे बारा महिने, महिन्याचे तीन भाग, प्रत्येक भाग दहा दिवसांचा. म्हणजे आठवडा गेला आणि पूर्ण सुट्टी दहा दिवसांनी एकदा. कामकरी माणसाला हे कसं वाटलं असेल ते सांगायला नको. आता दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस मोजा. दहा! आमच्याकडे माणसं महिन्याचं नाव विसरत चालली आहेत. परवा एकजण रजा मागायला आला तो म्हणाला, "स्प्रिंट त्रेचाळीसमध्ये भाच्याची मुंज आहे." फ्रेंचांचं कॅलेंडर नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून रद्द केलं.

त्याच क्रांतीने मीटर आणि किलोग्रॅमही आणले. मध्ये काही वर्षं जुनी मापं परत आली, राजे परत आले, पण १८४० पासून फ्रान्समध्ये मेट्रिकच. आपल्याकडे १९५७ मध्ये नये पैसे आले आणि त्यांच्या मागोमाग शेर जाऊन किलो आला. मंडईत अर्धा किलो गवार घेताना कुणाला त्या क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर आठवत नाही.

अजाईलचा किलोग्रॅम कुठला? मी त्या टेस्टिंगवाल्या मुलाला विचारलं, दिवसभर काय करतोस? तो सांगू लागला. कुणी कोड टाकला की आपोआप बिल्ड होतं, आपोआप टेस्ट चालतात, एकही लाल झाली की कोड पुढे जात नाही, हिरवं झालं की संध्याकाळपर्यंत सर्व्हरवर. टेस्ट जेयुनिट नावाच्या साधनात लिहिलेल्या. मी म्हटलं, "हे जेयुनिट केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात लिहायला घेतलं. तू दिवसभर जे करतोस ते एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग आहे, एकेकाळी लोक याला वेडेपणा म्हणायचे." त्याला यात काही विशेष वाटलं नाही. "हे तर असतंच ना, मॅडम," म्हणाला.

जहाल पक्ष हरला असं मी वर म्हटलं ते म्हणून अर्धंच खरं. त्यांचं नाव गेलं, पण काम असं मुरलं की ते कुणाचं होतं हेही कुणी विचारत नाही. उरलेल्या गोष्टींना, म्हणजे स्टँडअपला, पॉइंटना, चिठ्ठ्यांना, अजून नाव आहे, म्हणून त्या विकता येतात. किलोग्रॅमचा कोर्स कोण काढणार? माझ्या फीचा मोठा भाग कॅलेंडरवर गेला.

विक्रीचा इतिहासही गमतीचा आहे. प्रमाणपत्रांवरून आणि दर्जावरून स्क्रमची प्रमाणपत्रं देणाऱ्या मूळ संस्थेत वाजलं, केन श्वेबर २००९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी दुसरी संस्था काढली. आज दोन्ही जोरात आहेत. मग हजारो माणसांच्या कंपन्यांसाठी सेफ नावाची चौकट आली, तिचा तक्ता बघितला तर सतरांपैकी निम्म्यांना घेरी यावी. सतरांतलेच डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये अजाईल मेलं असं जाहीर केलं. रॉन जेफ्रीज यांनी २०१८ मध्ये डेव्हलपरांना ते सोडून द्यायचा सल्ला दिला. आणि २०२४ सरता सरता अजाईल अलायन्स ही चळवळीची जुनी संस्था पीएमआयच्या छत्राखाली गेली. पीएमआय म्हणजे गँट चार्टवाल्यांची (कामाचं वेळापत्रक पट्ट्यांत आखणाऱ्यांची), प्रोजेक्ट मॅनेजरांची, १९६९ पासूनची संस्था. बूर्बाँ हे फ्रान्सचं जुनं राजघराणं परत गादीवर बसलं तेव्हा पॅरिसमध्ये काय वाटलं असेल याची थोडी कल्पना आली. तरी मी यावर गळा काढणार नाही. परत आलेल्या राजालाही संविधान घेऊनच बसावं लागलं होतं, आणि आजचा पीएमआयवाला मॅनेजरसुद्धा दोन आठवड्यांत काय दाखवाल असंच विचारतो. सहा महिन्यांनी बघू म्हणणारा माणूस मला अलीकडे भेटलेला नाही.

नोकरीसाठी हे प्रमाणपत्र घेणाऱ्यांनी एक बातमी लक्षात ठेवावी. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अजाईलची अकराशेवर पदं एका फटक्यात रद्द केली. कारण दिलं ते असं, की ही पदं बदलाच्या सुरुवातीच्या काळात गरजेची होती, आता ते काम इंजिनिअरांच्या रोजच्या कामातच मिसळायचं. क्रांती यशस्वी झाली, आता क्रांतिकारकांनी घरी जावं. आमच्या बॅचमध्ये करिअरमधल्या खंडानंतर परत येणारी एक मुलगी होती, स्वतःच्या खिशातून फी भरलेली. तिला 'स्क्रम मास्टर' हीच पूर्णवेळ नोकरी हवी होती. मी तिला डब्याच्या सुट्टीत एवढंच म्हटलं की याच्या जोडीला टेस्टिंगचं किंवा डेटाचं एखादं हाताचं काम पक्कं कर. तिने ते किती मनावर घेतलं माहीत नाही. सरांनी कोर्समध्ये हे सांगायला हवं होतं. ते विकणाऱ्याच्या बाजूला उभे होते, त्यामुळे राहिलं असेल.

शेवटच्या तासात डेव्हऑप्सची एक आणि एआयची एक स्लाइड होती. डेव्हऑप्सची चळवळ २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या परिषदेपासून नावारूपाला आली, ती कोड लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे यांच्यातली भिंत पाडायला. आता 'डेव्हऑप्स इंजिनिअर' नावाचं तिसरंच खातं झालं आहे, म्हणजे दोन भिंती. एआयच्या स्लाइडवर फक्त रोबोचं चित्र होतं.

तर पाचपैकी तीन तारे. एक सरांना, एक लेगोला, एक चिपळूणच्या कोयत्याला.

कुणी करावा? ज्यांच्या ऑफिसात ग्राहकाशी बोलायची पद्धतच नाही, चाकणच्या त्या गृहस्थांसारख्यांनी जरूर करावा. त्यांना दोन दिवस फुकट जाणार नाहीत. कंपनी पैसे देत असेल तर कुणीही करावा. रोज कोड लिहिणाऱ्यांनी आधी ती तेरा पानं वाचावीत, तासाभराचं काम आहे, आणि उरलेले पैसे टेस्ट लिहायला शिकवणाऱ्या एखाद्या खऱ्या कार्यशाळेवर घालवावेत. फक्त कागदच हवा असेल आणि खिसा स्वतःचा असेल, तर श्वेबर यांच्या संस्थेची परीक्षा बघा: कोर्सची सक्ती नाही, ८० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला ८५ टक्के, म्हणजे अभ्यास करावा लागतो, पण प्रमाणपत्राला मुदत नाही, दर दोन वर्षांनी १०० डॉलरचा भुर्दंड नाही. बॅच निवडताना प्रशिक्षकाने स्वतः किती वर्षं कोड लिहिलाय ते फोन करून विचारा. उत्तर द्यायला कां-कूं केली तर दुसरी बॅच बघा.

जेवण बरं होतं. पनीर दोन्ही दिवस. गाडी नेऊ नका, खाली लग्नाचा हॉल आहे आणि मुहूर्त असला की पार्किंगमध्ये घोडा उभा असतो.